खुणेच्या वरचं पाणी

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी प्रत्यक्ष समाजाच्या उपयोगी पडलं पाहिजे, असं मी गेली बावीस वर्षं बुलढाण्यात अकरावीच्या पहिल्याच तासाला सांगत आलो आहे. मागच्या ऑक्टोबरात मी स्वतः उपयोगी पडलो. त्यात आमच्या गावच्या सरपंचबाईंची नवी साडी गेली आणि एका सरळ माणसाचं नाव गेलं. साडी मी भरून देऊ शकलो असतो.

गाव उंद्रीपासून आत आहे. थोरले बंधू तिथे शेती करतात, मी शनिवारी-रविवारी जाऊन त्यांना सल्ले देतो. गावाला लागून तलाव आहे. पाऊस बरा झाला तर दिवाळीत भरलेला असतो. पर्यटनाच्या कुठल्याशा योजनेतून या तलावासाठी एक बोट मंजूर झाली. फायबरची, पांढरी, आठ माणसांची, वर निळं छत आणि मागे विजेवर चालणारी मोटर. बोट आली, मोटर आली, बॅटऱ्या आल्या नाहीत. त्या योजनेत बसत नव्हत्या, ग्रामपंचायतीने पाहायच्या होत्या. आता आमच्या भागात बोटीतलं कोणाला काय कळणार? तलावात मासे धरणारे पुंजाजी आजवर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकत आले आहेत, आणि त्यांना तेच बरं वाटतं.

सरपंच शालूबाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, की लहाने सर, तुम्ही शिकलेले, बॅटरीचं तुम्ही पाहा. मी एमएस्सी फिजिक्स आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. माझा अभ्यास ताऱ्यांच्या उजेडावर होता, हे कोणाला माहीत नाही. मीही त्या दिवशी सांगितलं नाही.

बॅटरी म्हटलं की आमच्याकडे अमडापूरचा अन्वर. बस स्टँडसमोर दुकान, पंचवीस वर्षांचं. आमच्या गावात सौर दिव्यांचे बेचाळीस खांब आहेत आणि सहा वर्षं त्यांच्या बॅटऱ्या अन्वर सांभाळतो. बाकीच्या गावांचे खांब दोन वर्षांत नुसते खांब झाले, आमचे पेटतात. ते पाहूनच आणखी चार गावांनी त्याला काम दिलं होतं. थोडक्यात, आमचे बेचाळीस दिवे हीच त्याच्या दुकानाची पाटी होती.

मी दुकानात गेलो आणि बोटाने ट्रकची बॅटरी दाखवली. जी बॅटरी ट्रक ओढते ती एवढीशी बोट ओढणार नाही का, असं माझं म्हणणं होतं. अन्वरने आधी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग कोपऱ्यातून दोन मेलेल्या, कापलेल्या बॅटऱ्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. एकीत पत्र्यासारख्या पातळ प्लेटा, खचाखच. दुसरीत बोटाएवढ्या जाड नळ्या.

"ट्रक तं डिझेल ओढते, सर," तो म्हणाला. "बॅटरी निस्ता झटका देते. इंजिन चालू झालं का तिचं काम संपलं, मंग इंजिनच तिले पुन्हा भरते. बोटीत तिले भरनारं कोनीच नाई. तिथं घंटा-दीड घंटा हळूहळू द्या लागते, रोज खाली व्हा लागते, रोज भरा लागते. ही पातळवाली असं चार महिने करान तं मरून जाईन. ही जाडी टिकते. हिले ट्युबलर म्हनते."

दुकानात उंद्रीचे दोघे बसले होते. त्यातला एक हसला. मी घाईने म्हणालो, की बरोबर आहे, टॉर्कचा प्रश्न येतो. टॉर्कचा तिथे काही संबंध नव्हता. अन्वरला ते कळलं असावं, पण तो "हाव" म्हणाला आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

दोन ट्युबलर बॅटऱ्या ठरल्या. त्याने स्वतः येऊन त्या बोटीत बसवल्या. मागच्या बाकाखाली पेटी होती, बाकाची फळी हेच तिचं झाकण. पेटीत बॅटऱ्या ठेवून पट्ट्याने आवळल्या, बोट हलली तरी त्या हलू नयेत म्हणून. तारांच्या टोकांना व्हॅसलीन लावलं. पेटीच्या झाकणाला मात्र त्याने ड्रिलने भोकं पाडायला सुरुवात केली, तेव्हा ग्रामसेवक गजेंद्र कळवळला. नवी कोरी बोट, योजनेतली. अन्वरने त्याला समजावलं, की चार्जिंगला बॅटरी गॅस सोडते, तो कोंडला आणि कोणी जवळ विडी पेटवली तर बोट तलावातून थेट आभाळात जाईल. गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीरपणे मान हलवली, म्हणजे भोकं मंजूर झाली.

जाताना अन्वरने माझ्या हातात एक कागद दिला. बॅटरीची निगा कशी राखायची ते त्याने सांगितलं होतं आणि त्याच्या मुलीने, महनूरने, चांगल्या अक्षरात लिहून काढलं होतं. मी तो पुंजाजींना वाचून दाखवायचा आणि बोटीत चिकटवायचा, असं ठरलं. मी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. वाचला नाही. आठवी शिकलेल्या माणसाने मला लेखी सूचना द्याव्यात, हे दुकानातल्या त्या हसण्यानंतर जरा जास्त होत होतं.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. शनिवारी दुपारी मी तलावावर गेलो. चार्जर लावायचा होता. पुंजाजी होते. मी पेटी उघडली, बॅटऱ्यांची बुचं काढली आणि आत पाहिलं. आतलं पाणी प्लेटांच्या जेमतेम वर होतं. बाहेर पांढरी खूण होती, तिच्यापेक्षा बोटभर खाली.

"पानी कमी दिसून राह्यलं, सर," पुंजाजी म्हणाले.

आता हे आमच्याच गावात होऊ शकतं. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. नळ आला की घागरी, बादल्या, टाकी, पातेली, देवाचा तांब्यासुद्धा काठोकाठ भरून ठेवायचा, आणि मग नळ गेला की सुखाने बसायचं. अर्धं भांडं दिसलं की आमच्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. पाहुण्यांसाठी काठावर फिल्टरच्या पाण्याचे जार आणून ठेवले होते. फिल्टरचं म्हणजे शुद्ध, आणि बॅटरीला शुद्ध पाणी लागतं, एवढा विचार मी केला. पुंजाजींनी बोट धरली, मी तांब्याने एकेक भोक भरलं. बारा भोकं. खुणेपर्यंत नाही, गळ्यापर्यंत. शेवटच्या भोकातून थोडं सांडलं, तेव्हा घरच्यासारखं समाधान वाटलं. मग बुचं लावली, चार्जर लावला आणि बंधूंकडे जेवायला गेलो.

द्रव तापला की फुगतो, हे शाळेत शिकवतात. चार्जिंगच्या शेवटी बॅटरी बुडबुडे सोडते, हे बारावीत शिकवतात. ते मीच शिकवतो.

संध्याकाळी गजेंद्रने ग्रामपंचायतीतल्या सरपंचाच्या खुर्चीवरची गादी आणून मागच्या बाकावर, म्हणजे बरोबर त्या भोकांवर ठेवली होती. बाई पहिल्यांदा बोटीत बसणार, बाक कडक लागू नये म्हणून. सकाळी गादी ओलसर लागली. शालूबाईंनी हात लावून विचारलं, की ही ओली कशाने? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दव. ऑक्टोबरात पडतं. मी विज्ञानाचा माणूस असल्यामुळे बाई बसल्या.

बोटीने तलावाला दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही, धूर नाही. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतरच्या कार्यक्रमात माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. अन्वर मागे, जारांच्या बाजूला उभा होता. त्याला कोणी पुढे बोलावलं नाही. मी बोलावू शकलो असतो, माईक माझ्याच हातात होता.

तेजाबाचं, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडचं, असं असतं की सुती कापडावर ते लगेच दिसत नाही. कापड धुवायला काढलं की दिसतं. शालूबाईंनी गुरुवारी साडी धुवायला घेतली आणि बसायच्या जागेचा भाग पिळताना हातात आला. चिखलीहून उद्घाटनासाठी मुद्दाम आणलेली साडी. दोन दिवस अंगाला आग होत होती, ती बाकाने घासलं असेल म्हणून त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. आता नर्सबाईंनी मलम दिलं. साडी त्यांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवली, पुरावा म्हणून. गावाने ती बाजूने उचलून, उजेडात धरून पाहिली.

गजेंद्रने तासाभरात निकाल दिला. बॅटऱ्या गळतात, म्हणजे माल डुप्लिकेट, म्हणजे अन्वरने फसवलं. त्याला फोन गेला. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. शुक्रवार होता, मला सुट्टी होती, मीही गेलो. जायला नको होतं, पण न जाणं जास्त दिसलं असतं.

अन्वरने पेटी उघडली. आत सगळं ओलं, लोखंडाच्या पट्टीवर पांढरा-हिरवा फुलोरा. त्याने काचेची नळी काढली, रबराचा फुगा दाबून एकेका भोकातलं पाणी वर ओढलं, तेजाब किती पातळ झालं ते दाखवणाऱ्या, नळीतल्या तरंगत्या काडीकडे पाहिलं. बाराही भोकं पाहिली. मग हात पुसत उठला.

"बॅटरी गळत नाई," तो म्हणाला. "कोनंतरी चार्जिंगच्या आंधी पानी वरतक भरलं. मंग ते फेसाळलं आन् तेजाब घेऊन भाईर आलं. कोनं भरलं?"

तिथे शालूबाई होत्या, गजेंद्र होता, पुंजाजी होते, बघे सात-आठ. पुंजाजी तलावाच्या भिंतीकडे पाहू लागले. मी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. गजेंद्र म्हणाला, की बॅटरीला तुझ्याशिवाय कोण हात लावतो? अन्वरची नजर गजेंद्रकडे नव्हती. तो माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही. उत्तर येत असलेला पोरगा वर्गात गप्प बसला की मी पाहतो, तसं. मीही अशा वेळी थोडा वेळ देतो, आणि मग पुढचा प्रश्न घेतो.

त्यानेही तसंच केलं. खायचा सोडा मागवला, पाण्यात कालवून पेटी धुतली. बॅटऱ्या टेम्पोत टाकून नेल्या आणि चार दिवसांनी नीट करून पुन्हा बसवल्या. गावाने यातून एवढाच अर्थ काढला, की चूक त्याची होती म्हणून त्याने मुकाट दुरुस्त केली. गजेंद्रने पुढच्या ग्रामसभेच्या विषयांत घातलं: दिव्यांच्या बॅटऱ्यांचं काम अन्वरकडून काढणे.

ग्रामसभेला तीन आठवडे होते. या काळात मी काय केलं, तर बसमध्ये झोपलो. बुलढाण्याहून आमच्या गावाची बस चिखली, अमडापूर करत जाते आणि अमडापूरला दहा मिनिटं थांबते. अन्वरचं दुकान तिथून समोर दिसतं, म्हणजे त्याला बसही समोर दिसते. ती दहा मिनिटं मी डोळे मिटून बसायचो. एकदा कंडक्टरने काळजीने विचारलं, की सर, तब्येत बरी नाही का? मी डोळे न उघडता बरी आहे म्हणालो.

मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. माणसाच्या हातून चुका होतातच. बेचाळीस दिव्यांवर कोणाचं दुकान बंद पडत नाही. शिक्षकाचा मान गेला तर पोरं विज्ञानाकडे वळणार नाहीत. ही शेवटची मला विशेष आवडली होती.

मग आमच्या घरी माझ्या बायकोने, वंदनाने, धुवायला टाकण्यापूर्वी माझ्या शर्टाचे खिसे पाहिले आणि तो कागद टेबलावर ठेवला. घडी तशीच कोरी होती.

"हा तुम्ही उघडलासुद्धा नाही," ती म्हणाली, आणि मोठ्याने वाचायला लागली. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नये. वापर झाला की त्याच दिवशी चार्ज करावी, उपाशी ठेवू नये. पाणी चार्जिंग पुरं झाल्यावरच घालावं, आधी नाही. फक्त बाटलीतलं बॅटरीचं पाणी, जारचं किंवा नळाचं नाही. खुणेच्या वर थेंबही नको. चार्जिंग चालू असताना झाकणावर काही ठेवू नये. जवळ विडी, काडी, उदबत्ती नको. हातमोजे घालावेत. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवावं. बोट बंद राहिली तरी महिन्यातून एकदा चार्ज करावी.

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. सगळ्यात खाली एक ओळ होती. ती वाचताना वंदना थांबली आणि कागद माझ्याकडे दिला. ती ओळ अशी होती: काही समजलं नाही तर लहाने सरांना विचारावं.

दुसऱ्या दिवशी मी अमडापूरला उतरलो. अन्वरने खुर्ची पुढे केली. मी उभा राहूनच सांगितलं, की पाणी मी भरलं होतं.

"मालूम हाय, सर," तो म्हणाला. "जारचे झाकनं पेटीजवळच पडेल होते. पुंजाजीले एवढी हिंमत नाई."

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का बोलला नाहीस?

"तुमी उभे होते ना तिथं," तो म्हणाला. "मले वाटलं तुमीच सांगसान."

मग त्याने चहा सांगितला. मी तो प्यालो. सांगायला हवं म्हणून सांगतो, चहा चांगला होता. मी म्हणालो, की ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगतो. तो म्हणाला, सांगा. तू येशील का, म्हणून विचारलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. आपल्यासाठी कोणीतरी बोलतंय आणि आपण तिथे बसून ऐकतोय, हे त्याला जमणार नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. बॅटरीचा विषय निघाला तसा मी उठलो. बावीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतो, तरी पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मी स्वच्छ सांगितलं. बॅटरीत पाणी मी भरलं, अन्वरने दिलेला कागद मी वाचला नाही, गादीवर दव नव्हतं तेजाब होतं, चूक माझी आहे आणि दिव्यांचं काम त्याच्याकडून काढू नका. कागदही दाखवला.

मला वाटलं, आता होईल काय ते होवो. मग शालूबाई बोलल्या. साडी त्यांचीच गेली होती.

"सर, तुमचं मन लय मोठं हाय," त्या म्हणाल्या. "पन दुसऱ्याच्या चुकीवर किती पांघरून घालसान? एमएस्सी झालेला मानूस बॅटरीत जारचं पानी टाकीन, हे आमी कसं धरावं?"

टाळ्या झाल्या. मी म्हणालो, टाळ्या नका वाजवू, पुंजाजींना विचारा, ते बोट धरून उभे होते. सगळे पुंजाजींकडे वळले. पुंजाजी उठले, टोपी नीट केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्या काई पाह्यलं नाई."

बसताना त्यांनी माझा हात दाबला. "सांभाळून घेतलं, सर," ते हळूच म्हणाले.

मी पुन्हा उठून सांगायला हवं होतं. साडीचा तुकडा मागायला हवा होता, जार मागवायला हवे होते, व्हरांड्यातच एक बॅटरी भरून दाखवायला हवी होती. मी बसलो. गजेंद्र म्हणाला, पुढचे चार विषय बाकी आहेत. बसल्यावर मला थोडं बरंही वाटलं. हे लिहू नये असं वंदनाचं मत आहे, पण वाटलं.

काम चिखलीच्या एका ठेकेदाराला देण्याचा ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात माझ्या नावावर एक ओळ आहे, की लहाने सरांनी बॅटरीच्या निगेबाबत उपयुक्त मार्गदर्शन केले. बाकीच्या चार गावांपैकी तीन गावांनी पुढच्या महिन्यात अन्वरचं काम बंद केलं. अमडापूरला बस थांबते तेव्हा मी आता डोळे उघडे ठेवतो. अन्वर दुकानातून हात वर करतो, मीही करतो.

चिखलीच्या ठेकेदाराचा मूळ धंदा मंडप-डेकोरेशनचा आहे. आमच्या दिव्यांच्या बॅटऱ्या तो अमडापूरला पाठवतो, अन्वरकडे.